बंपरवरचा शेंदूर

नवी गाडी घरी आणली की आपण पहिलं काम काय करतो? तिला डाग लावतो! हळद, कुंकू, शेंदूर, अक्षता, चाकाखाली लिंबू, समोर झेंडूचा हार. शोरूमवाल्यांनी दोन तास पुसून चकचकीत केलेल्या गाडीवर घरातली एखादी बाई पाच मिनिटांत बोटाने स्वस्तिक काढते, आणि मगच ती गाडी 'आपली' होते. पुढे वर्षभर त्याच डागाकडे बघून आपण कुरकुरतो, ते वेगळं.

आमच्याकडे हा कार्यक्रम बहुधा चिंतामणीच्या दारात होतो. कळंब म्हटलं की पुष्कळांना धाराशिव जिल्ह्यातलं कळंब आठवतं. मी म्हणतोय ते यवतमाळ जिल्ह्यातलं. नागपूर-तुळजापूर महामार्गावर, यवतमाळहून वर्ध्याकडे निघालं की लागतं ते. इथला गणपती जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड, आणि मग देव. आता गाडी काही पायऱ्या उतरू शकत नाही, म्हणून माणसंच दर्शन घेऊन वर येतात आणि गाडीला टिळा लावतात. चतुर्थीला तर विचारू नका.

आजचा विषय म्हणजे हे डाग काढायचे कसे. विषय किरकोळ वाटेल. मलाही तसाच वाटायचा. पण या उन्हाळ्यात मोठ्या बाबांची गाडी विकायची ठरली, ती स्वच्छ करायचं काम माझ्याकडे आलं, आणि चार संध्याकाळी त्या काळ्या बंपरपुढे बसून काढल्यावर डाग या शब्दाबद्दलच थोडा विचार झाला. तोच इथे मांडतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रंगवलेल्या पत्र्यावरचे डाग हा सोपा प्रकार. खरा त्रास देतात ते न रंगवलेले काळे भाग : बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांची कवचं, वायपरखालची जाळी. अँबॅसडरच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. तिचा बंपर स्टीलचा, वर क्रोमचा मुलामा. पितळेची भांडी घासावीत तसा घासला की तोंड दिसायचं. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली, आणि त्यानंतरच्या वर्षांत आपल्या रस्त्यांवर हलक्या गाड्या आणि त्यांच्याबरोबर काळं प्लास्टिक वाढत गेलं. हे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन, त्यात धक्का सोसावा म्हणून थोडं रबर आणि ऊन सोसावं म्हणून कार्बन ब्लॅक, म्हणजे चक्क काजळी. इटलीतल्या जूलिओ नाटा यांनी १९५४ मध्ये हे पॉलिप्रॉपिलीन नीट बनवून दाखवलं आणि १९६३ मध्ये कार्ल त्सिग्लर यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. आपली बादली, खुर्ची, डबा, सुतळीसारखी ती प्लास्टिकची दोरी, सगळं याच घराण्यातलं. अंगणातली खुर्ची चार-पाच उन्हाळ्यांनी पांढरट पडून एक दिवस कोणाला तरी खाली पाडते ना, तोच रोग बंपरलाही होतो. फक्त काजळीमुळे जरा उशिरा.

तर मोठ्या बाबांची गाडी. २०११ ची छोटी हॅचबॅक, अंगणात निंबाखाली उभी. निंबाची सावली सकाळी असते, दुपारी नसते. आणि आमच्या मे महिन्याची दुपार काय असते ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकला की पेपरात बातमी येते, बाकी दिवशी तीही येत नाही. गाडी विकायचं कारण म्हणजे मोठ्या बाबांचे डोळे. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं आणि मोठ्या बाबांनी त्याच संध्याकाळी किल्ली देवघरातल्या खिळ्याला अडकवली. कोणाशी काही बोलले नाहीत.

एक जण गाडी बघून गेला. इंजिन चांगलं, टायर चांगले, पण बंपरकडे बोट दाखवून म्हणाला की गाडी ठेवलेली नाही नीट, आणि भाव बराच पाडून मागितला. मोठ्या बाबांना पैशापेक्षा ते 'ठेवलेली नाही' जास्त लागलं. दर तीन महिन्यांनी ऑइल तपासणारा माणूस तो! म्हणून मग मला फोन.

मी गेलो तेव्हा बंपरवर निदान पाच प्रकारचे डाग होते. डाग काढायचा पहिला नियम असा, की हातात ब्रश घ्यायच्या आधी नुसतं बघायचं. किती वेळ? एक चहा होईपर्यंत.

पहिला प्रकार, पांढरे ठिपके आणि ओघळ. हे बोअरच्या पाण्याचे. आपल्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात क्षार भरपूर. उन्हात गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. माठाच्या बाहेर जमतो तोच. याला साबण काही करत नाही, लिंबू करतं. लिंबाचा रस किंवा पाणी घातलेलं व्हिनेगर फडक्याने लावायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच पुसायचं. लगेच पुसलं नाही तर तेच पाणी पुन्हा तेच ठिपके देतं.

दुसरा, चाकामागचे काळे कडक थेंब. डांबर. रस्त्याचं काम चालू असलं की हमखास. फडक्याच्या टोकाला जरासं रॉकेल किंवा टर्पेंटाइन, थेंबावर ठेवायचं, मऊ झाला की उचलायचा. घासायचा नाही, घासला की पसरतो. खिडकीच्या रबराला मात्र हे लावू नये, रबर फुगतं. नंतर साबणाने धुणं आलंच.

तिसरा, पत्रा आणि प्लास्टिक जिथे भेटतात तिथली पांढरी किनार. हे एका धुलाईच्या दुकानाचं काम. पत्र्याला मेणाचं पॉलिश लावताना हात पुढे गेला की ते प्लास्टिकच्या खरखरीत दाण्यांत भरतं आणि वाळून पांढरं होतं. मेण पाण्याला दाद देत नाही. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश, दाण्यांच्या सगळ्या दिशांनी. उरलं तर शाळेतलं साधं खोडरबर! खरंच. मेण रबराला चिकटून भुशाबरोबर निघून येतं. परदेशात यासाठी पीनट बटर लावायची टूम आहे. ऐकायला विचित्र, पण त्यातलं तेल मेण सैल करतं इतकंच. आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल घरात असताना बटर कशाला?

चौथा, हळद. दसऱ्याची असावी. हळदीचा रंग म्हणजे करक्युमिन, आणि तो अल्कलीत लाल होतो. म्हणून तर हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होऊन आपली फजिती करतो. पूर्वी हळदीत चुना मिसळून कुंकू करायचे ते याच गुणावर. पण करक्युमिनला ऊन सोसत नाही. पिवळी झालेली टॉवेलची कड दोन दिवस दोरीवर राहिली की फिकी पडते, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. बंपरच्या वरच्या बाजूची हळद केव्हाच गेली होती. उरली होती ती सावलीतल्या खाचेत. ती खाच दोन दिवस उन्हाकडे करून ठेवली, झालं.

पाचवा, शेंदूर. त्याच्याकडे येतोच.

हे सगळं निघालं दोन संध्याकाळींत. आणि तरीही बंपर पांढराच! ओला असताना मस्त काळा दिसायचा, वाळला की पुन्हा राखाडी. मी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे खाली वाकून बंपरची बुडाची बाजू बघितली. ती काळीभोर होती. उन्हाकडे तोंड केलेला भाग तेवढा पांढरा. दुसरं, कोरडं पांढरं फडकं वरून फिरवलं तर त्यावर राखाडी भुकटी आली. दोन्ही खुणा एकच सांगतात. हा डाग नव्हे. इथे काही लागलेलं नाही, इथलं काही गेलेलं आहे.

उन्हातली अतिनील किरणं पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्या भेगा प्रकाश चहूकडे उधळतात. काच अखंड असते तोवर पारदर्शक, तिचा चुरा केला की पांढरा, तसंच. पाणी किंवा तेल त्या भेगांत भरलं की प्रकाश उधळणं थांबतं आणि काळा रंग परत 'आला' असं वाटतं. खोबरेल तेलाचा उपाय, बाजारातलं सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश, डॅशबोर्डवर मारायचा तो स्प्रे, सगळ्यांची जादू हीच. भेगा बुजवणं. खोबरेल चार दिवसांत धूळ धरतं, सिलिकॉन काही आठवडे टिकतं, मग एक चांगला पाऊस आणि पुन्हा जैसे थे. हीट गन म्हणून गरम हवेचं यंत्र असतं, त्याने वरचा थर जरा वितळून भेगा मिटतात आणि प्लास्टिक काळं होतं. तेही काही काळापुरतं, शिवाय एका जागी जरा जास्त धरलं की बंपर वाकडा. आणि जोरात घासणं हा तर उलटाच उपाय. मळ असता तर घासून गेला असता. इथे घासून जाते ती उरलेली साल.

मी मोठ्या बाबांना म्हटलं, "हे निघणार नाही. पण सिलिकॉनचं पॉलिश मारलं तर रविवारी गिऱ्हाईक येईल तेव्हा नवा दिसेल."

ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "अन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात उतरेल."

"मंग नोको मारू." थोडं थांबून म्हणाले, "हे पाह्य बापू, मले दिसत नाई म्हणून गाडी विकून राह्यलो. घेणाऱ्याले तं दिसू दे."

मी त्यांच्याशी वाद घातला, कबूल करतो. सगळेच करतात हो. पॉलिश मारणं म्हणजे काही मीटर मागे फिरवणं नव्हे. लग्नाच्या मुलीला पावडर लावतातच की. मोठ्या बाबांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांवर आले. म्हणाले, मोतीबिंदू असता तं काढून टाकला असता. पडदा गेला की झालं. हे तसं नाही ना. यातलं गेलं ते गेलं. डॉक्टरांनी थेंब दिले ते आहे तेवढं राहावं म्हणून. ते बंपरबद्दल बोलत होते की डोळ्यांबद्दल, मी विचारलं नाही. पण पॉलिशची बाटली पिशवीत परत ठेवली.

आता शेंदूर. २०११ मध्ये गाडी आली तेव्हा मोठ्या आईने चिंतामणीच्या दारात पुढच्या बंपरवर, नंबरप्लेटच्या वर, तळहाताएवढं स्वस्तिक काढलं होतं. पुढे दर दसऱ्याला गाडी धुतली की ती त्याच रेषांवरून पुन्हा बोट फिरवायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर त्यावर कोणी शेंदूर लावला नाही आणि कोणी पुसलाही नाही. आता त्याचा रंग काळपट विटकरी झाला होता, कडा फुटल्या होत्या, आणि लांबून बघणाऱ्याला तो नुसता गंज वाटायचा.

शेंदूर इतका चिवट का असतो? पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड, आणि देवाला लावताना तो तेलात कालवतात. हेच शिसं जवसाच्या तेलात घोटून लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंजू नये म्हणून कित्येक दशकं लावत असत. शिशाच्या संगतीत तेल लवकर सुकतं आणि कडक पापुद्रा धरतं. थोडक्यात, मोठी आई दर दसऱ्याला बंपरला एक हात रंगच देत होती. असे दहा हात. (शिसं विषारी असतं, हे विसरू नका. बाजारात आता दुसऱ्या रंगांचा शेंदूरही मिळतो, पण पुडीवरून ओळखता येत नाही. म्हणून हातमोजे घालावेत, कोरडं खरवडून भुकटी उडवू नये, लहान मुलांना दूर ठेवावं, आणि वापरलेली फडकी नालीत न टाकता झाकणाच्या डब्यात बंद करावीत.)

मोठ्या बाबांना विचारलं, हे राहू द्यायचं का? मला वाटलं होतं ते हो म्हणतील. ते म्हणाले, "काढ. तिनं पूजा केली थे गाडीची केली, बंपरची नाई." मग जरा वेळाने, "नवा माणूस त्याच्या हातानं काढीन त्याचं."

तेलाने लावलेलं तेलानेच सैल होतं. कोमट तिळाचं तेल कापसावर घेऊन त्यावर ठेवलं, वर प्लास्टिकची पिशवी चिकटवली आणि रात्रभर सोडलं. सकाळी वरचे थर मऊ झाले होते. आइसक्रीमच्या लाकडी काडीने अलगद उचलले. संध्याकाळी टर्पेंटाइनचं फडकं क्षणभर, मग साबणपाणी आणि टूथब्रश. पुन्हा रात्रभर तेल. चौथ्या संध्याकाळी शेवटचा तांबडा कण निघाला. मी बंपर धुतला, पुसला आणि वाळेपर्यंत पायरीवर बसलो.

वाळला, आणि स्वस्तिक तिथेच होतं. काळं! आजूबाजूचा सगळा बंपर राखाडी आणि मधोमध कारखान्यातून आल्यासारखं काळंकुळीत स्वस्तिक, अगदी बोटाच्या रुंदीच्या रेषा, एका टोकाला तिचं बोट जरा घसरलं होतं ते सुद्धा. दुसरं काय होणार म्हणा. इतकी वर्षं शेंदराच्या थराने तेवढ्या जागेवर ऊन पोचू दिलं नव्हतं. ज्याला आम्ही सगळे डाग म्हणत होतो, बंपरची शाबूत राहिलेली जागा तेवढीच होती.

मी मोठ्या बाबांना हाताला धरून आणलं. उजेड कमी होता, त्यांना नीट दिसेना. मग त्यांनी बोट फिरवून पाहिलं. शेंदूर लागला नाही, पण झिजलेलं प्लास्टिक खरखरीत लागतं आणि शाबूत जरा गुळगुळीत. त्यांना रेष सापडली. "हे आता कशानं निघीन?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "कशानंच नाही. चार-पाच उन्हाळे गेले की आपोआप बाकीच्यासारखं होईल." ते "बरं" म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले.

रविवारी गिऱ्हाईक आलं. बाजूच्या गावचा पोरगा, कृषी केंद्रात कामाला. मोठ्या बाबांनी त्याला दोष आधी सांगितले : बंपर उन्हानं गेलाय, पॉलिश मारलेलं नाही, मागचं डावं दार ठोकून सरळ केलेलं आहे. पोरगा थोडा गोंधळला. गाडी विकणारा दोष सांगतोय म्हणजे अजून काही मोठं लपवत असणार, असं त्याला वाटलं असावं! दोनदा खाली वाकून इंजिन पाहून आला. मग स्वस्तिकाकडे बघून म्हणाला, "काकाजी, हे कोणतं स्टिकर आहे?" सांगितल्यावर काही बोलला नाही. भाव आधीच्या माणसापेक्षा बरा दिला, पण खूप बरा नाही. पॉलिश मारलं असतं तर जास्त आले असते का? आले असते, मला शंका नाही. मोठ्या बाबांनी नोटा मोजायला माझ्याकडे दिल्या आणि किल्ली स्वतःच्या हाताने त्याला दिली.

असो. कामाचं सांगतो. तुमच्या गाडीचं काळं प्लास्टिक पांढरं दिसत असेल तर आधी बुडाची बाजू बघा आणि कोरडं फडकं फिरवा. वर काही चिकटलेलं असेल तर ते कशाचं आहे ते ओळखा; चुन्याला आंबट, मेणाला साबण, डांबराला रॉकेल, शेंदराला तेल, हळदीला ऊन. आणि फडक्यावर भुकटी आली तर घासणं थांबवा. मग उपाय एकच : गाडी सावलीत लावा, किंवा निदान रोज तोंड फिरवून लावा. स्वतःच्या गाडीला पॉलिश खुशाल मारा, वर्षभर मारत राहा, उन्हापासून बचाव करणारं असेल तर उत्तमच. विकायच्या आदल्या दिवशी मारायचं की नाही, ते मात्र ज्याचं त्याने ठरवावं. मी यापुढे नाही मारणार.